मृत्युपत्रांत दडलेला घराण्याचा इतिहास

ठाण्याचा टेंभी नाका म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवरात्रातील देवी आणि दर्शनाची लांबलचक रांग उभी राहते. मात्र याच परिसरात थोड्याथोड्या अंतरावर पारशी समाजाची अग्यारी आहे, 'स्वर्गाचे द्वार' असा नावाचा अर्थ असलेले बेने इस्रायली समाजाचे १८७९ सालचे 'शार हाशामायिम' प्रार्थनामंदिर आहे आणि जिल्हा न्यायालय व जिल्हाधिकारी कार्यालयही जवळच आहे. कधीकाळी येथे वाडे आणि कौलारू घरे होती. आज त्यांची जागा इमारतींनी घेतली आहे. घर पाडण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक खाली येते, तीत पिवळे पडलेले स्टॅम्पपेपर निघतात आणि 'आता याचा काय उपयोग' म्हणून पुष्कळदा ते रद्दीत जातात. घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने हे नुकसान भरून न येणारे असते.

पणजोबांच्या मागे कोण होते, हे सांगणारी माणसे फार थोडी उरली आहेत. कुलवृत्तांत असतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. पण त्यांत प्रामुख्याने पुरुषांची नावे सापडतात. घरात कोण कोण होते, कोणाचा कोणावर लोभ होता, कोणाचे कर्ज होते आणि मुली कोणत्या गावी दिल्या होत्या, हे सांगण्याचे काम मृत्युपत्रे आणि मालमत्तेचे कागद करतात. नातेसंबंधाचा पुरावा म्हणून कायद्यानेही त्यांना स्थान दिले आहे. मृत व्यक्तींमधील रक्ताचे, विवाहाचे वा दत्तकाचे नाते सिद्ध करताना कौटुंबिक मृत्युपत्रातील वा दस्तातील उल्लेख ग्राह्य धरण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे.

आधी वाटणीपत्र, मग मृत्युपत्र

शोध घेणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की जुन्या मराठी हिंदू घरात मृत्युपत्र असेलच असे नाही. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत ही सर्व हिस्सेदारांची असे. आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणाला देण्याची मुभा हिंदू पुरुषाला मिळाली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. तोपर्यंत मृत्युपत्र होत असे ते मुख्यतः स्वकष्टार्जित किंवा वाटणीने वेगळ्या झालेल्या मिळकतीचे. त्यामुळे वाटणीपत्र, दत्तकपत्र, बक्षीसपत्र आणि फारखत हे कागद आधी शोधावेत. वाटणीपत्रात भाऊ, पुतणे, विधवा भावजया यांची नावे क्रमाने येतात आणि हिस्सा आण्यांत सांगितलेला असतो. 'चार आणे हिस्सा' म्हणजे रुपयातला पाव भाग, अर्थात एक चतुर्थांश. हिस्से मांडले की घराण्याच्या शाखा आपोआप उलगडतात.

दत्तकपत्राचे महत्त्व आणखी वेगळे आहे. दत्तक गेलेला मुलगा जन्मघराण्याच्या वंशावळीतून नाहीसा होतो आणि दुसऱ्याच आडनावाखाली प्रकटतो. दत्तकपत्रात दोन्ही घरांची नावे असल्याने तुटलेला धागा तेथे जुळतो.

एक नाका, अनेक कायदे

टेंभी नाक्यावर शेजारीशेजारी राहणाऱ्या कुटुंबांचे कागद एकाच ठिकाणी मिळत नाहीत. त्याचे कारण वारसाहक्काच्या निरनिराळ्या कायद्यांत आहे.

१८६५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा ख्रिस्ती व ज्यू समाजाला लागू झाला. पारशी समाजासाठी त्याच वर्षी वेगळा कायदा झाला, तरी मृत्युपत्रांबाबतच्या मुख्य तरतुदी त्यांनाही लागू राहिल्या. या कायद्याखाली मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगायचा तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयीन प्रमाणपत्र, आवश्यक असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील पारशी वा बेने इस्रायली पूर्वजाचे मृत्युपत्र शोधताना न्यायालयाचे दप्तर पाहणे अगत्याचे ठरते.

हिंदूंसाठी १८७० चा हिंदू विल्स अॅक्ट आला खरा. पण मुंबई इलाख्यात तो केवळ मुंबई शहरापुरता होता. प्रोबेटची सक्तीही शहरात केलेल्या मृत्युपत्रांना आणि शहरातील स्थावर मिळकतीलाच लागू होती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ ने हा भेद पुढे चालू ठेवला. संसदेने २०२५ मध्ये हे कलम वगळले. याचा व्यवहारातील अर्थ असा, की गिरगावातील हिंदू कुटुंबाचे मृत्युपत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात सापडण्याची शक्यता मोठी. ठाणे-कल्याणातील हिंदू कुटुंबाचे मात्र न्यायालयात कधी गेलेच नसण्याची शक्यता अधिक. ठाण्याच्या एखाद्या गृहस्थाची मुंबईत चाळ वा दुकान असेल, तर गोष्ट निराळी.

आणखी एक मर्यादा आहे. मुंबई शहराबाहेरील हिंदूंना १९२७ पूर्वी तोंडी मृत्युपत्रही करता येत असे. १ जानेवारी १९२७ पासून लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदारांची अट सर्व हिंदूंना लागू झाली. त्यापूर्वीच्या तोंडी व्यवस्थेचा माग लागतो तो पुढे झालेल्या दाव्यांतील जबान्यांमधूनच. मुस्लिम कायद्यात तोंडी वसियत आजही मान्य असून कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता सर्वसाधारणपणे एक तृतीयांश मिळकतीपुरतीच ती करता येते. त्यामुळे मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत बक्षीसपत्रे (हिबा) आणि वक्फाचे दस्त अधिक माहिती देतात.

पुस्तक क्रमांक तीन

ठाण्याच्या कुटुंबाने मग जायचे कोठे? उत्तर आहे दुय्यम निबंधकाचे कार्यालय. दस्तनोंदणीचा अखिल भारतीय कायदा १८६४ साली झाला आणि पुढच्या वर्षापासून अमलात आला. सध्याचा कायदा १९०८ चा आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि तिला मुदतही नाही. तरीही भाऊबंदकीच्या भीतीने अनेकांनी ती करून ठेवली. अशी मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचा अधिकार देणारी पत्रे 'पुस्तक क्रमांक ३' मध्ये उतरवली जातात. त्यांची नावांची वेगळी सूची असते. तीत मृत्युपत्र करणाऱ्याबरोबर व्यवस्थापकांची आणि करणाऱ्याच्या मृत्यूनंतर हक्क सांगणाऱ्यांचीही नावे येतात.

मिळकतीचे दस्त असलेले पुस्तक क्रमांक १ कोणालाही शुल्क भरून पाहता येते. पुस्तक क्रमांक ३ मात्र अर्जदाराच्या हाती दिले जात नाही. शोध निबंधक स्वतः घेतात. मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत नक्कल तिला किंवा तिच्या मुखत्यारालाच मिळते. मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही नक्कल मिळू शकते. वारस असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अर्जात पूर्ण नाव, गाव आणि मृत्यूचे साधारण वर्ष दिल्यास शोध सोपा होतो. मृत्यूचा पुरावा सोबत ठेवावा.

सीलबंद लखोट्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. विशेष म्हणजे नोंदणी कार्यालयात दोन वर्षांहून अधिक काळ बेवारस पडलेले दस्त नष्ट करण्याची मुभा देताना कायद्याने मृत्युपत्रांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे.

मृत्युपत्र नसेल तर

मृत्युपत्राविना मृत्यू झालेल्यांचे कागद अनेकदा अधिक बोलके असतात. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठनुसार जिल्ह्यातील न्यायालये वारस दाखला देत आली आहेत. त्यासाठीच्या अर्जात वारसांची नावे आणि मृताशी असलेले नाते नमूद करावे लागते. मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन' मागणाऱ्या अर्जात मृताचे कुटुंबीय आणि त्यांचे राहण्याचे ठिकाण सांगणे बंधनकारक आहे. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करण्याचा नियम आहे. घर, दागिने, येणी, देणी यांची ही यादी म्हणजे त्या काळच्या संसाराचे चित्रच असते.

जमीन असलेल्या कुटुंबांनी महसूल दप्तर पाहावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. त्यातून फेरफार नोंदी सुरू झाल्या. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे 'गाव नमुना ६ क' या नोंदवहीत आणि फेरफारात येतात. शहरी मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका उपयोगी पडते. ठाणे जिल्ह्यातील जुने सातबारा व फेरफार महसूल विभागाने 'आपले अभिलेख' या सुविधेद्वारे ऑनलाइनही उपलब्ध करून दिले आहेत.

मात्र जिल्ह्याच्या बदलत्या सीमांचे भान हवे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला. त्यापूर्वी वांद्रे, अंधेरी, कुर्ला ही गावे ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. पूर्वजाचे गाव आज कोठे आहे यापेक्षा कागद झाला तेव्हा ते कोणत्या जिल्ह्यात होते, हे आधी पाहावे.

लेकींची नावे

मृत्युपत्राचे सर्वात मोठे मोल आहे ते स्त्रियांच्या संदर्भात. पुष्कळ जुन्या वंशावळींत मुलींच्या जागी केवळ संख्या असते. सुनांचे माहेर नसते, लग्नानंतर बदललेल्या नावामुळे जन्मनावही हरवते. मृत्युपत्र करणारा मात्र कोणाला काय द्यायचे हे सांगत असल्याने त्याला नाव घ्यावेच लागते. थोरली मुलगी अमुक, तिला अमुक गावी अमुकांच्या घरी दिली आहे; धाकटी विधवा होऊन माहेरी आली आहे, तिला अन्नवस्त्र आणि माडीवरची खोली; अशा मजकुरातून दोन-तीन पिढ्यांच्या विस्मृतीत गेलेली माणसे परत येतात. आजच्या अनेक कुटुंबांना आपल्या पणजीचे माहेर कळू शकेल ते अशा एखाद्या ओळीतूनच.

महात्मा जोतीराव फुले यांचे मृत्युपत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुण्यात १८८७ साली केलेले व दुय्यम निबंधकांकडे नोंदविलेले हे मृत्युपत्र त्यांच्या समग्र वाङ्मयामुळे सर्वांना वाचता येते. दत्तक पुत्र यशवंत याला त्यात वारस म्हणून स्थान दिले होते आणि आपल्या देहाचे दफन व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. १८९० मध्ये फुले यांचे निधन झाले तेव्हा दफनाला परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. दत्तक मुलाच्या अधिकारावर भाऊबंदांनी हरकत घेतल्यावर सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले.

कागदाच्या मर्यादा

याच प्रसंगातून संशोधकाला आवश्यक तो इशाराही मिळतो. मृत्युपत्र माणसाची इच्छा सांगते. पुढे घडले काय, हे सांगत नाही. त्यासाठी फेरफार, दावे आणि नंतरचे दस्त ताडून पाहावे लागतात. ज्याचे नाव मृत्युपत्रात नाही तो नव्हताच, असेही समजू नये. लग्नात हुंडा-दागिने दिलेल्या मुलीला किंवा आधीच वेगळ्या झालेल्या मुलाला वगळल्याचे आढळते. 'मुलगा' हा शब्द पुतण्यासाठी, 'भाऊ' हा शब्द चुलतभावासाठी सर्रास वापरला जाई. म्हणूनच साक्षीदार आणि लेखनिक यांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. ते बहुधा शेजारी, व्याही किंवा मेहुणे असत.

दुसरा अडसर लिपीचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. तारीख शकात असेल तर ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो. वर्षाचे शेवटचे महिने असतील तर ७९. पेशवेकाळापर्यंत मागे जायचे असल्यास पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनचे कागद पाहावेत. इनामाचा हक्क सिद्ध करण्यासाठी अनेक घराण्यांनी तेथे आपल्या वंशावळी दाखल केल्या आहेत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतले जातात.

या जुन्या दप्तराचे महत्त्व २०२३ पासून साऱ्या महाराष्ट्राने अनुभवले आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, तेव्हा महसुली व जन्म-मृत्यूच्या नोंदींबरोबरच नोंदणी कार्यालयांतील मृत्युपत्रे आणि दत्तकविधानपत्रेही तपासण्याच्या कागदपत्रांत धरली गेली. मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली.

सरकारी दप्तरातील नकला बऱ्याच अंशी सुरक्षित आहेत. घरातले मूळ कागद मात्र तसे नाहीत. नोंदणी न झालेल्या मृत्युपत्राची, वाटणीच्या यादीची वा पत्राची दुसरी प्रत कोठेही नसते. घर पुनर्विकासाला देण्यापूर्वी ट्रंक उघडावी, कागदांचे छायाचित्र घ्यावे, कोणता कागद कोठे सापडला हे टिपून ठेवावे आणि घरातील सर्वात वयस्कर व्यक्तीसमोर त्यातील नावे वाचून दाखवावीत. कागदावरच्या नावामागचा माणूस ओळखणारी ती बहुधा शेवटची व्यक्ती असते.