मापातले पाप आणि नऊ टक्क्यांची सूट

खळ्यावर बलुत्याचे धान्य मोजताना पायली कोणाच्या हातात असे, हे आमच्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. माप धरणारा एक, पदर पसरणारी दुसरी. म्हणून पाकिटावर छापलेल्या 'निव्वळ वजना'कडे आम्ही नुसते ग्राहक म्हणून पाहत नाही.

संविधानाने मापांची मानके ठरवण्याचे काम संघसूचीत, नोंद ५० मध्ये ठेवले आणि बाकीचा कारभार राज्यांकडे दिला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली. गावोगावची आपापली मापे मोडली, ही लहान गोष्ट नव्हती. पण पाकीटबंद माल वाढला आणि तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरून उठून कारखान्यात गेला. १९७६ चा कायदा आणि १९७७ चे आवेष्टित वस्तूंचे नियम हे त्यावरचे उत्तर. त्याच सुमारास ४२ व्या घटनादुरुस्तीने वजनमापे राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली. आजचा वैधमापन कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०११ पासून.

या कायद्याखालच्या नियमांत एक तक्ता आहे. निरीक्षकाने पाकिटे तपासली तर एकेका पाकिटात किती तूट चालेल, ते त्यात दिले आहे. १ ते १० किलोच्या पाकिटाला १.५ टक्के. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ९ टक्के. १० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या बहुतेक पुड्या तर २०११ च्या नियमांनी मोकळ्याच सोडल्या. लहान पुडी भरताना यंत्राची चूक जास्त होते, असे सांगतात, होतही असेल. नमुन्याची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये, अशीही अट आहे. पण सरासरी विकत कोण घेतो? पाच किलोची पिशवी महिन्याच्या पगारावर येते. पाच रुपयांची पुडी रोजची मजुरी हातात पडल्यावर येते, एकच येते, आणि तूट असली तर ती त्याच घरात राहते.

शिक्षाही पाहा. वजनात चूक सापडली तर पहिल्यांदा १० ते ५० हजार रुपये दंड; पुन्हा सापडल्यास एक लाखापर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. मात्र रक्कम भरून तडजोड करता येते. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा केला तर ती सोय नाही. तीन वर्षे उलटली की पुढचा गुन्हा परत 'पहिला'! रोजंदारीवरच्या माणसाचा कोणता गुन्हा असा विसरला जातो?

२०२३ मध्ये तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्हा ग्राहक आयोगापुढे एक प्रकरण निकाली निघाले. पुड्यावर १६ बिस्किटे छापलेली, आत १५. कंपनी म्हणाली, आम्ही वजनावर विकतो, ७६ ग्रॅम. तोलले तर भरली ७४. मग तिने तक्त्यातल्या ४.५ ग्रॅमच्या सवलतीकडे बोट दाखवले. आयोगाने ते ऐकले नाही आणि एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ती बिस्किटे मोजली होती भटक्या जनावरांना खाऊ घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाने, निरीक्षकाने नव्हे. खटला चालवायला त्याच्याकडे वेळ होता. आमच्या वस्तीतल्या टपरीवर पुडी घेणाऱ्या बाईकडे तो नाही. तेव्हा निरीक्षकांनी नमुने त्या टपरीवरूनही उचलावेत आणि निकाल तिथेच लावावा, अशी आमची मागणी आहे.