हुबळी-धारवाडमध्ये बीबीए: ‘मॅनेजमेंट’ निवडण्याआधी काय पाहावे

बारावी किंवा पीयूसीनंतर ‘मॅनेजमेंट करायचं’ असं ठरवणारी सीमाभागातली मुले साधारण दोन वाटांकडे बघतात, एक कोल्हापूर-पुण्याची आणि दुसरी हुबळी-धारवाडची. बेळगावहून धारवाड सुमारे ७५ किलोमीटर, तिथून हुबळी आणखी २०. डिग्रीचे नाव दोन्हीकडे बीबीए असले तरी प्रवेशाचे दार वेगळे आहे.

विद्यापीठ कोणते?
धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ १९४९ चे. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ सुरू होईपर्यंत बेळगावच्या महाविद्यालयांची पदवीही धारवाडचीच असायची. कारवार, हल्याळ, जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्याचा भाग आजही धारवाडकडे आहे. हुबळीत केएलई तंत्रविद्यापीठ हे खासगी विद्यापीठ आहे. खासगी विद्यापीठाची फी आणि प्रवेशाचे नियम स्वतःचे असतात, त्यामुळे ते वेगळे विचारावेत.

मॅनेजमेंट म्हणजे नेमके काय?
पहिल्या दोन वर्षांत हिशेब, अर्थशास्त्र, व्यावसायिक कायदा, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापनाची तत्त्वे असा पाया सगळ्यांना सारखाच. शेवटच्या टप्प्यात मार्केटिंग, फायनान्स, एचआर असे गट येतात. जनरल मॅनेजमेंट घेतले तर सगळ्याची ओळख होते, पण एकाच विषयात खोल जाणे होत नाही. घरचे दुकान, अडत किंवा कारखाना सांभाळायचा असेल तर ते चालते. बँकेत किंवा कंपनीत नोकरी हवी असेल तर एखादा ठरावीक गट घेणे बरे. माहितीपत्रकात पाच गट छापलेले असले तरी शिक्षक आणि मुले पुरेशी नसतील तर वर्ग दोनच गटांचे भरतात. ‘यंदा कोणते गट प्रत्यक्ष चालू आहेत?’ हे ऑफिसात नाही, तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावे.

तीन वर्षे की चार?
नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कर्नाटकने २०२१-२२ पासून लागू केले. पुढे सरकार बदलले आणि २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. चार वर्षांची ऑनर्स पदवी देणाऱ्या ठिकाणी पुढे एमबीए करायचे असेल तर वर्षांचा हिशेब आधीच मांडावा.

महाराष्ट्रात सीईटी
२०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्राने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. काही महाविद्यालयांनी कोर्सचे नाव बदलून सीईटी टाळली. कर्नाटकात विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रवेश मुख्यतः बारावीच्या मार्क्सवर होतो. म्हणजे सीईटीचा फॉर्म चुकला तर महाराष्ट्राची वाट वर्षभर अरुंद होते, धारवाडची मात्र उघडी राहते.

सीमाभागातल्यांसाठी
महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी ‘टाइप ई’ हा प्रकार आहे. त्यात वास्तव्य आणि शिक्षण सीमाभागातले असावे लागते. हुबळी-धारवाड त्या भागात येत नाही. त्यामुळे खानापूरच्या किंवा निपाणीच्या मुलाला पीयूसीलाच धारवाडला पाठवायचे असेल, तर ही सवलत हातची जाणार नाही ना, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी तपासावे. शिष्यवृत्ती साधारणपणे आपल्या मूळ राज्याकडूनच मागावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

कागद आणि भाषा
महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना धारवाडला पात्रता प्रमाणपत्र आणि मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. ते आले नाही तर परीक्षेच्या वेळी धावपळ होते. शिकवणे मुख्यतः इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सेमिस्टर जड जाते, म्हणून सुट्टीतच हिशेबाचे इंग्रजी शब्द पाठ केलेले बरे. कानडी बोलता आली तर हुबळीच्या बाजारात किंवा धारवाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप मिळवणे सोपे जाते. सीमाभागातल्या मुलांना कानडी आणि मराठी दोन्ही येतात, ही त्यांची जमेची बाजू.