विद्युदाक्षेपचिकित्सेंतील भूल व स्मृतिलोप

तीव्र खिन्नतेच्या विकारावर मेंदूंतून वीज सोडून आंचके उत्पन्न करण्याचा जो उपचार आहे, त्यास आम्ही येथें विद्युदाक्षेपचिकित्सा म्हटलें आहे. ‘आक्षेपक’ हा शब्द आयुर्वेदांत याच अर्थीं आहे. या उपचारांत भूल देतात ती रोग्याच्या स्मरणशक्तीस जपण्यासाठीं, असा समज सहज होण्याजोगा आहे. कालक्रम पाहतां तो टिकत नाहीं.

रोम येथें एप्रिल १९३८ मध्यें उगो चेरलेत्ती व लुचो बीनी यांनीं पहिला प्रयोग केला, तेव्हां भूल दिलीच नव्हती. (त्या रोग्याचे उद्गार पुष्कळ ग्रंथांत छापलेले आढळतात, परंतु ते वैद्यांच्या लेखणींतून उतरलेले आहेत, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.) आंचके इतके जबर असत कीं पाठीचे मणके मोडत. हाडें वांचविण्यासाठीं अमेरिकेंत बेनेट यांनीं १९४० मध्यें क्युरारे वापरलें. पुढें १९५० नंतर लवकरच सक्सिनिलकोलीन आलें. या औषधांनीं स्नायु लुळे पडतात, श्वासहि थांबतो, पण शुद्ध जात नाहीं. जागेपणीं ही दशा भोगावी लागूं नये म्हणून अल्पकालीन भूल आवश्यक झाली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें या दोहोंवांचून हा उपचार वर्ज्यच केला आहे. स्मृतीचा प्रश्न मात्र जागच्या जागीं राहिला.

आतां वाद आहे तो भुलीच्या औषधाच्या निवडीचा. मेथोहेक्सिटल आंचक्यास फारसें दाबीत नाहीं. प्रोपोफॉलनें आंचका आंखूड होतो; त्यामुळें विजेची मात्रा वाढवावी लागली, तर तीच स्मृतीस बाधते. केटामिनकडून मोठी आशा होती. परंतु उत्तर इंग्लंडांतील रोग्यांवर झालेल्या व २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत स्मृतीस लाभ आढळला नाहीं. इलेक्ट्रोड एकाच बाजूस लावले कीं दोन्ही कानशिलांवर, व विजेचा स्पंद किती आंखूड, यांचा परिणाम याहून स्पष्ट आहे.

उपचार गुणकारी आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. नवीन गोष्टी शिकण्याची शक्ति कांहीं आठवड्यांत बहुधा परत येते. परंतु २००३ मधील एका समालोचनांत, निदान एक तृतीयांश रोग्यांनीं कायमच्या स्मृतिलोपाची तक्रार केल्याचें नमूद आहे. खिन्नतेनेंहि स्मृति मंदावते, हें वैद्यांचें उत्तर खोटें नव्हे. पण अपुरें आहे. जळालेल्या दफ्तरांत काय होतें तें राखेवरून कळत नाहीं, त्याची यादी आधीं करून ठेवावी लागते. तसेंच येथें : लग्न, प्रवास, घरांतील मृत्यु अशा रोग्याच्या स्वतःच्या आठवणी उपचारापूर्वीं टिपून ठेवल्या असतील, तरच काय गळालें तें दाखवितां येईल. ज्या चांचणींत अशी नोंद नाहीं, तिच्यांतील ‘अमुक औषधानें स्मृतीस अपाय झाला नाहीं’ हा निष्कर्ष आम्ही सिद्ध मानीत नाहीं.