गंधर्ववेड्यांचा हक्क

नटावर जीव टाकणारा, त्याच्या बातम्या शोधणारा, त्याचे फोटो जपणारा आणि तो कुठे येणार आहे हे कळताच तिकडे धावणारा प्रेक्षक सिनेमाने घडवला, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मराठीपुरते तरी हे खरे नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ 1931 साली आला आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली. त्याच्या वीस वर्षे आधीच संगीत नाटकाच्या महाराष्ट्रात असा प्रेक्षक पुरता तयार झाला होता, आणि त्याच्या वेडाच्या केंद्रस्थानी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, होते. मात्र माझे म्हणणे तारखांपुरते नाही. या प्रेक्षकाला आपण भाबडा भक्त समजत आलो आहोत. उपलब्ध पुराव्यातून दिसणारा माणूस वेगळा आहे. तो नटाच्या मागे जात होता, पण त्याच वेळी नटावर स्वतःचा हक्कही सांगत होता. बालगंधर्वांचे वैभव या हक्काने उभे केले आणि त्यांच्या उतारवयातली परवडही काही अंशी याच हक्कातून आली.

या वेडाची जमीन आधीपासून नांगरलेली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने किर्लोस्करांच्या नाटक मंडळीला घराघरांत नेले. 1901 साली भाऊराव गेले, तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार हा कंपनीच्या पोटापाण्याइतकाच प्रेक्षकांच्या कुतूहलाचाही प्रश्न झाला. 1905 साली मिरजेला शकुंतलेच्या वेषात उभा राहिलेला तरुण हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. त्याचे नाव लोकांच्या कानावर आधीच गेले होते. लहानपणी त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही गोष्ट सर्वतोमुखी होती. कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात त्याच्यावर उपचार व्हावेत म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केलेली मदतही लोकांना ठाऊक होती. नट रंगमंचावर येण्यापूर्वीच त्याची कथा लोकांपर्यंत पोचलेली असणे, ही प्रसिद्धीची पहिली पायरी इथे स्पष्ट दिसते.

ही कथा पुढे कशी पसरली, हे नीट पाहिले पाहिजे. नाटक कंपनी मुक्कामावर चाले. पुण्यात काही आठवडे, मग मुंबई, मग सांगली, कोल्हापूर, बडोदे, नागपूर, वऱ्हाड. मुक्काम जाहीर झाला की हस्तपत्रके वाटली जात आणि वर्तमानपत्रांत कोणत्या रात्री कोणते नाटक याची जाहिरात येई. आसपासच्या गावांतले लोक रेल्वेने किंवा बैलगाडीने येत, रात्रभर नाटक पाहत आणि पहाटे परतत. नाटकाच्या पदांच्या पुस्तिका छापल्या जात. प्रयोगाच्या वेळी त्या हाताशी असत आणि नंतर घरी पेटीवर तीच पदे बसवली जात. नटांचे स्त्रीवेषातले फोटो विकत मिळत आणि चौकटीत बसून दिवाणखान्यांत टांगले जात. त्यांत ग्रामोफोनची भर पडली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. थिएटरात पंधरा मिनिटे रंगणारे पद तबकडीत कसेबसे कोंबले जाई. पण ज्याने ते थिएटरात ऐकले होते त्याला तेवढी खूण पुरे होती, आणि ज्याने ऐकले नव्हते तो पुढच्या मुक्कामाची वाट पाहू लागे. तबकडीने थिएटर रिकामे केले नाही, उलट भरले.

इथे एक आक्षेप घेता येतो. ही सगळी प्रसिद्धी कंपनीवाल्यांनी आणि संपादकांनी उभी केली होती, प्रेक्षक फक्त तिला बळी पडला, असे कोणी म्हणेल. या म्हणण्याला आधार आहे. किर्लोस्कर मंडळीचे चालक शंकरराव मुजुमदार यांनी स्वतः ‘रंगभूमी’ हे मासिक चालवले. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ आणि ‘द्रौपदी’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’त वाढले आणि 1923 साली त्यांनी ‘नवाकाळ’ काढला. म्हणजे नाटककार आणि संपादक एकाच माणसात वावरत होते. रंगभूमी आणि छापखाना यांचे इतके जवळचे नाते असल्यावर स्तुती थोडी सढळ झाली असेल, हे मान्य केले पाहिजे. तरीही हा खुलासा पुरेसा नाही. तीच मासिके आणि तीच वर्तमानपत्रे इतर अनेक नटांविषयीही लिहीत होती, आणि त्यांतले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत. छापखान्याने नाव गावोगाव नेले, पण नाव टिकवायचे की नाही याचा निकाल थिएटरात लागत होता. ‘वन्समोअर’ कोणत्या पदाला द्यायचा आणि कोणते पद नुसत्या शांततेत जाऊ द्यायचे, हे कोणत्याही संपादकाच्या हातात नव्हते.

या निकालात स्त्रियांचा वाटा मोठा होता. संगीत नाटकाला जाणे हळूहळू घरंदाज स्त्रियांना मान्य झाले. त्यांच्यासाठी बसण्याची वेगळी सोय असे. त्या आल्या आणि त्यांनी बालगंधर्वांकडे जितक्या बारकाईने पाहिले तितक्या बारकाईने कोणत्याच समीक्षकाने पाहिले नसेल. नऊवारीचा पदर कसा घ्यायचा, अंबाड्यात फुले कशी माळायची, हातात रुमाल कसा धरायचा, हे ‘मानापमान’मधली भामिनी आणि ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी पाहून घरोघरी उचलले गेले, असे त्या काळाविषयी लिहिणारे जवळजवळ सगळेच सांगतात. पुरुषाने स्त्रियांना स्त्रीत्व शिकवले, असा अर्थ काढून पुष्कळांनी या गोष्टीवर टीका केली आहे, आणि ती टीका पोकळ नाही. पण तिच्यात एक गोष्ट राहून जाते. बालगंधर्वांनी ती लकब कुठून आणली? भोवतालच्या स्त्रिया पाहूनच. त्या स्त्रियांनी स्वतःचेच सौंदर्य रंगमंचावर पाहिले, त्यातले पसंत पडले ते ठेवले आणि उरलेले सोडून दिले. ज्या काळात स्त्रीला चारचौघांत नीट नटायलाही घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागे, त्या काळात ‘गंधर्वांसारखे’ हा एक शब्द आड घालून नटण्याची मुभा मिळाली. पुढे जाहिरातदारांनीही त्यांचे नाव आणि चेहरा वस्तू खपवण्यासाठी वापरला. पण त्या बाजारात काय चालेल, हे आधी घराघरांतल्या आरशांपुढे ठरले होते.

प्रेक्षकांचा हक्क सगळ्यांत ठळक दिसतो तो पक्षांच्या भांडणात. 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. दुसऱ्या बाजूला केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श होती. 1918 साली मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांची बलवंत मंडळीही आली. गंधर्व मोठे की केशवराव, हा वाद घरांत, कट्ट्यांवर आणि क्लबांत अक्षरशः वर्षानुवर्षे चालला. अशा वादांना उथळ म्हणणे सोपे आहे. पण 8 जुलै 1921 ला मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग पाहा. टिळक स्वराज्य फंडासाठी केलेल्या त्या प्रयोगात केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. नेहमीपेक्षा कित्येक पटींनी चढे दर असूनही थिएटर भरले. वादात बाजू घेतलेल्या माणसांना आपापले प्रमाण एकाच रंगमंचावर तपासून पाहण्याची ती संधी होती. वर्षानुवर्षे दोघांची प्रत्येक तान तोलणारे लोक नसते, तर त्या रात्रीला अर्थच उरला नसता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव वारले. दोन्ही पक्षांनी त्या प्रयोगाची आठवण सारख्याच प्रेमाने जपली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांच्या भांडणाच्या मुळाशी द्वेष नव्हता, चोखंदळपणा होता.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आक्षेप. या व्यक्तिपूजेने नाटक मारले, असे जाणते लोक म्हणत आले आहेत. ‘वन्समोअर’च्या पावसात कथानक थांबे, पात्र बाजूला राही आणि मैफल सुरू होई. प्रयोग मध्यरात्र उलटून पहाटेपर्यंत लांबत. उंची शालू, खरे दागिने, अत्तर आणि पडदे यांवर कंपनी कर्जबाजारी होईपर्यंत खर्च होई. यातले बहुतेक सारे खरे आहे, आणि ते नाकारून बालगंधर्वांचा मान वाढत नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, त्या लांबणाऱ्या पदांमुळेच रागदारी संगीत सामान्य मराठी घरात पोचले. ‘स्वयंवर’चे संगीत भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्याल गायकीच्या बुवांचे होते आणि 1916 नंतर त्यातली पदे गुणगुणणाऱ्यांना रागाचे नाव ठाऊक नसले तरी राग ओळखू येत होता. तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असे साथीदार ज्या कंपनीत होते, तिचा प्रेक्षक कानाने अडाणी राहणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट ‘एकच प्याला’ची. 1919 साली, लेखक गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या या नाटकात बालगंधर्व फाटक्या, ठिगळ लावलेल्या लुगड्यातली सिंधू झाले. रुक्मिणीच्या शालूसाठी येणारा प्रेक्षक या सिंधूकडे पाठ फिरवील, अशी भीती वाटणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. सिंधू त्यांच्या सर्वांत मोठ्या भूमिकांपैकी एक ठरली. केवळ थाटमाटाला भुललेल्या प्रेक्षकाकडून हे झाले नसते.

कोणी असेही विचारील की हा ‘महाराष्ट्र’ नेमका किती मोठा होता? शहरी, शिकलेला, बराचसा ब्राह्मणी मध्यमवर्ग आणि थोडे संस्थानिक, एवढाच ना? पुढच्या रांगांपुरते पाहिले तर उत्तर बऱ्याच अंशी होय असे आहे, आणि तमाशा-लावणी पाहणारा मोठा समाज या कहाणीच्या बाहेर राहतो हेही खरे. पण थिएटरात नुसत्या पुढच्या रांगा नव्हत्या. मागचे स्वस्त तिकीट घेणारा वर्गही होता आणि त्याचाच आवाज जास्त मोठा असे. केशवराव भोसल्यांचा पक्ष कोल्हापुरात ज्या जोमाने उभा राहिला, त्याला शाहू महाराजांच्या राजधानीतले सामाजिक वारे कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. शाहूंनी बांधून घेतलेल्या तिथल्या पॅलेस थिएटरला आज केशवरावांचेच नाव आहे. या वेडालाही जात आणि वर्ग होते. मात्र ते एका जातीचे नव्हते.

हक्काची दुसरी बाजू काळी आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. 12 मार्च 1911 ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली, तरी जमलेल्यांची निराशा नको म्हणून ते उभे राहिले, ही हकीकत मोठ्या आदराने सांगितली जाते. आदर रास्त आहे. पण ज्याने आपले दुःख मायबापांसाठी बाजूला ठेवले, त्याच्यावर त्या मायबापांनी पुढे सगळ्या आयुष्याचा हक्क सांगितला. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याची वाट रुंद केली. बोलपटांनी थिएटरे घेतली. 1935 साली ‘प्रभात’ कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले, पण पुरुषवेषातले गंधर्व त्यांच्या चाहत्यांना मनापासून रुचले नाहीत. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. तोवर वय आणि काळ दोन्ही पुढे गेले होते. पन्नाशीकडे झुकलेल्या नटाला त्याच्याच तरुण प्रतिमेत डांबून ठेवण्याचे काम पडद्याने केले नाही, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी केले.

सर्वांत वाईट वागणूक मिळाली ती गोहरबाई कर्नाटकींना. त्या चांगल्या गायिका होत्या, बालगंधर्वांच्या गायकीवर त्यांची निष्ठा होती, आणि 1930च्या दशकाच्या अखेरीस त्या कंपनीत आल्यावर स्त्रीभूमिका करू लागल्या. पुढे दोघांनी लग्न केले. गंधर्वांच्या ऱ्हासाचे खापर अनेक चाहत्यांनी त्यांच्या डोक्यावर फोडले. बदललेली रंगभूमी, सिनेमा, कर्ज, थकलेला गळा ही सगळी कारणे उघड दिसत असताना एका मुसलमान स्त्रीला कारण ठरवणे, यात चोखंदळपणा नव्हता, पूर्वग्रह होता. ज्या प्रेक्षकांनी त्यांची प्रत्येक तान लक्षात ठेवली, त्यांतल्या अनेकांनी त्यांच्या म्हातारपणाला आधार देणाऱ्या बाईला घरातले माणूस मानले नाही. चाहत्यांच्या इतिहासात हे पान गाळून चालणार नाही, कारण त्यांचे प्रेम आणि त्यांची क्रूरता एकाच मालकीच्या भावनेतून आली होती.

तरीही आज बालगंधर्वांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग याच लोकांनी सांभाळला. रंगमंचावरचा त्यांचा अभिनय ऐन बहरात कोणी चित्रित केला नाही. उरल्या त्या तबकड्या, फोटो, पदांच्या पुस्तिका, हस्तपत्रके, आणि सोबतच्या नटांनी व रसिकांनी लिहिलेल्या आठवणी. त्यांतल्या कितीतरी वस्तू एखाद्या संस्थेने नव्हे, तर चाहत्यांच्या कुटुंबांनी ट्रंकेत आणि कपाटात जपल्या, आणि पुढे संग्राहकांनी तबकडी तबकडी करून गोळा केल्या. 1962 साली पुण्यातल्या नव्या नाट्यगृहाच्या भूमिपूजनाला बालगंधर्व स्वतः हजर होते. 15 जुलै 1967 ला ते गेले. पुढच्या वर्षी 26 जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, ते रंगमंदिर त्यांच्याच नावाने उघडले. इमारत महापालिकेने बांधली. तिच्यात कोणाचे नाव शोभेल हे मात्र मुक्कामामागून मुक्काम धावणाऱ्या प्रेक्षकांनी चाळीस-पन्नास वर्षे आधीच ठरवून टाकले होते.