पेटी, पियानो आणि ग्वाल्हेरचे कान

दौलतगंजातील आमच्या जुन्या घरांत तंबोऱ्याशेजारी पेटी ठेवलेली असे. ती परदेशी घाटाची, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. महाराज जयाजीराव शिंदे यांचे पुत्र भैय्या गणपतराव यांनी याच पेटीवर ठुमरी अशी खुलविली की, ख्यालाच्या या नगरीचे नाव हार्मोनियमशीही जोडले गेले. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पट्ट्यांतून मींड निघत नाही, हा एक मोठा आक्षेप होता. ती बंदी सैल होऊ लागण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

हा जुना वाद मनात ठेवून आम्ही अमेरिकन जाझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीची 'जाझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' ही १९५८ सालची ध्वनिमुद्रिका ऐकली. पियानोही पट्ट्यांचाच, मींड त्यालाही अशक्य. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ही चौकडी पोलंड, तुर्कस्तान, भारत अशा दौऱ्यावर पाठविली होती. मुंबईत ब्रुबेक यांनी सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वादन केले. खाँसाहेब जन्माने जावऱ्याचे, म्हणजे आपल्या माळव्याचेच.

मायदेशी परतल्यावर मुद्रित झालेल्या या तबकडीत सहा रचना आहेत. सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बासवर जो बेंजामिन आणि ड्रमवर जो मोरेलो आहेत. 'कलकत्ता ब्लूज' या अखेरच्या रचनेत मोरेलो काठ्या बाजूस ठेवून हातांनी वाजवितात, तेव्हा आपला कान आपोआप तबल्याकडे वळतो. मींडेची नक्कल पियानोला साधणारी नव्हतीच. लयीचे मात्र तसे नव्हते. पुढील वर्षीच्या 'टाइम आउट'मध्ये त्यांनी नऊ मात्रांची रचना बांधली. तिची दोन-दोन-दोन-तीन ही विभागणी त्याच दौऱ्यात तुर्कस्तानातील रस्त्यावरच्या वादकांकडून मिळालेली. डेझमंड यांची 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची. पाश्चात्त्य श्रोत्यांना हे नवल वाटले. झपताल अंगवळणी पडलेल्या आम्हांला ते ओळखीचे वाटले.

आज नातवंडे की-बोर्डवर बोटे फिरवू लागली की, आम्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. रागावण्यापूर्वी भैय्यासाहेबांची पेटी आठवावी. वाद्य त्यांनी निवडावे. हातावर मात्रा मोजून ताल धरण्याची शिस्त मात्र आपण लावावी. ती आपणच लावली नाही, तर ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ती दुसरे कोण लावणार?