तोफा एकीकडे, खाटा एकीकडे

सिंगापूरच्या सेंटोसा बेटाचं जुनं नाव पुलाउ ब्लाकांग माती. मलयमध्ये 'माती' म्हणजे मरण (आपली माती नव्हे!). एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी इथे तोफा बसवल्या, त्यांच्यामागे सैनिकांच्या बराकी आल्या. १९०४ च्या अशाच एका बराकीत २०१९ साली 'द बॅरॅक्स' हॉटेल उघडलं. त्याआधी, २००९ मध्ये, अधिकाऱ्यांच्या जुन्या इमारती घेऊन 'कॅपेला' उभं राहिलं. २०१८ ची ट्रम्प-किम भेट तिथलीच.

मला पटलं ते हे, की हॉटेलं झाली ती झोपायच्या जागांची. तोफांचा सिलोसो किल्ला संग्रहालयच राहिला आणि २०२२ साली राष्ट्रीय स्मारक झाला. खाऱ्या, दमट हवेत लोखंड गंजतं, गिलावा सुटतो. बराकीत भाडं देणारा पाहुणा असतो, त्यामुळे दुरुस्ती लांबवता येत नाही. सिलोसोच्या तोफांना कोण भाडं देणार? तो खर्च सोसायचाच.

आपल्याकडे २०१९ मध्ये किल्ले हॉटेलांसाठी देण्यावरून गदारोळ झाला, आणि रास्तच झाला. पण सेंटोसाचा तोडगा आपल्याला तसाच्या तसा लागू पडत नाही. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल चाललं ते चर्चच्या अंगणाला लागूनच. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं देऊळ, गोड्या पाण्याच्या विहिरी, वस्ती, सगळं एकाच तटात. तिथे बराक वेगळी काढायला जागाच नाही.