संगणकाला मळ कसा समजला?

पितळेची समई चिंच लावून कितीही घासा, नक्षीच्या खाचांत काळेपणा राहतोच. वर आलेल्या कडा मात्र लखलखतात. काळे कुठे राहणार आणि चकाकी कुठे येणार, हे समईचा आकार पाहून आधीच सांगता येईल का? हा प्रश्न संगणकाला विचारला गेला तो १९९४ साली. तोवर संगणकावर आकार काढण्याची विद्या तीस वर्षांची झाली होती.

तिची एक सुरुवात १९६३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये झाली. आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम तयार केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढायच्या आणि संगणकाने त्यांचा नेटका आराखडा करायचा, अशी ती सोय होती. पुढे युटा विद्यापीठात रेघांच्या जागी भरीव, वक्र पृष्ठभाग आले. पण त्या साऱ्या वस्तू कालच कारखान्यातून आल्यासारख्या, गुळगुळीत प्लास्टिकच्या दिसत. यात नवल नाही. सूत्राने काढलेल्या पृष्ठभागाला आकार असतो आणि सांगितलेला रंग असतो, वय नसते.

१९७४ साली युटातील विद्यार्थी एड कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात एक उपाय मांडला. पृथ्वीगोलावरील प्रत्येक जागा अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगता येते, म्हणूनच सपाट नकाशा गोलावर चिकटवता येतो. तसेच कोणत्याही वक्र पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूला दोन आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांना सपाट चित्रात जो रंग असेल तो बिंदूला लावायचा. यालाच ‘टेक्स्चर मॅपिंग’ म्हणतात. टेक्स्चरला आपल्याकडे कापडाचा ‘पोत’ हा छान शब्द आहेच. विटांचे छायाचित्र घ्या, भिंतीवर चढवा, भिंत विटांची झाली!

पण भिंतीवरचा दिवा हलवला की लबाडी उघडी पडते, कारण चित्रातल्या सावल्या जागच्या हलत नाहीत. १९७८ साली जिम ब्लिन यांनी यावर युक्ती काढली. पृष्ठभाग खरोखर खडबडीत करायचा नाही. प्रकाशाचे गणित करताना त्या बिंदूची लंबरेषा तेवढी किंचित कलती धरायची. संत्र्याची साल हुबेहूब खडबडीत दिसू लागली. कडेची बाह्यरेषा मात्र गुळगुळीतच राहिली.

केन पर्लिन यांची तक्रार वेगळी होती. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटासाठी काम केल्यावर त्यांना ही चित्रे फारच यांत्रिक वाटू लागली. त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत यादृच्छिक आकडे वापरले होते, पण शेजारच्या आकड्यांत हळुवार उतार ठेवून. असे मोठे-लहान चढउतार एकमेकांत मिसळले की ढग किंवा संगमरवराच्या शिरा मिळतात, तेही छायाचित्राशिवाय. या ‘नॉईज’बद्दल १९९७ साली त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

आता संगणकाला डाग काढता येऊ लागले. पण डाग कुठे हवा, हे त्याला कुठे ठाऊक होते? गंज काही लॉटरी काढून चढत नाही. पाणी साचते तिथे तो आधी धरतो. समईचा प्रश्न येतो तो इथे. १९९४ साली गॅव्हिन मिलर यांनी प्रत्येक बिंदूसाठी मोजले, की बाजूच्या भागाला न अडता केवढा मोठा चेंडू तिथे टेकू शकेल. मोठा चेंडू पोहोचतो तिथे हात आणि फडकेही पोहोचते, तो भाग उजळ. चिमुकलाच पोहोचतो तिथे काळे.

जूली डॉर्सी आणि पॅट हॅनरहन तर थेट कारणाकडे वळले. १९९६ साली त्यांनी तांब्यावर चढणारा हिरवा कळंक थरांवर थर रचून दाखवला. (१८८६ मध्ये उभा राहिलेला न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही आधी तांबूसच होता.) त्याच वर्षी हान्स पेडरसन यांच्यासह त्यांनी पृष्ठभागावर पावसाचे कण सोडले. कण ओघळतात, मळ विरघळवून नेतात, पुढे कुठेतरी तो सोडून वाळतात. इमारतीवरचे ओघळ कोणी चित्रकाराने काढले नव्हते. ते गणितातून आपोआप उमटले. मला हे काम या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. (कॅटमल आणि हॅनरहन यांना पुढे २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळून देण्यात आला.)

मात्र रोजच्या वापरात सरशी झाली ती आकारावरून अंदाज बांधणाऱ्या झटपट पद्धतींची. पाऊस पाडून बघायला वेळ लागतो, आणि चित्रपट व खेळ बनवणाऱ्यांना तो नसतो. आजची साधने खाचेत मळ भरतात, कडा झिजवतात, त्यावर थोडा नॉईज शिंपडतात. बहुतेक वेळा ते पटते. पण दगडी जिना अशा साधनाला द्या. ते प्रत्येक पायरीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी झिजवील. खऱ्या जुन्या जिन्याची पायरी मधोमध खोलगट होते आणि भिंतीलगत जवळजवळ नवी राहते, कारण माणसे मधून चालतात. ही गोष्ट पायरीच्या आकारात कुठेच लिहिलेली नाही. ती कुणीतरी माणसाने अजूनही हाताने रंगवावी लागते.